मंदीतली कपात, उभारीतली भरती: माणसांचे निर्णय कोणत्या क्रमाने घ्यावेत

अमेरिकेतली मोठी मंदी अधिकृत हिशेबाने जून २००९ मध्ये संपली. तिथला बेरोजगारीचा दर मात्र १० टक्क्यांवर पोहोचला तो त्यानंतर, ऑक्टोबर २००९ मध्ये. माणसांच्या बाबतीत बहुतेक कंपन्या अशाच मागे राहतात. धंदा घसरायला लागल्यावर कपात उशिरा होते आणि घाबरून होते. धंदा सावरल्यावर भरतीही उशिरा होते, तोवर बाजारात चांगली माणसं महाग झालेली असतात. मंदीत वाचवलेला पगार उभारीत दामदुपटीने जातो तो या उशिरामुळे, म्हणून या लेखात सगळा भर निर्णयांच्या क्रमावर आहे.

वीस ते दोनशे माणसांच्या संस्थेत कपात आणि भरतीची जबाबदारी नुकतीच अंगावर आलेल्यांसाठी हे लिहिलं आहे. कामगार कायदे देशागणिक वेगळे असतात. नोटीस, नुकसानभरपाई, कपातीचा क्रम आणि पुन्हा घेताना जुन्यांना प्राधान्य या चार गोष्टींवर कायद्याच्या सल्लागाराशी यादी बनवण्याआधी बोला. यादी जाहीर झाल्यावर हा सल्ला घेऊन उपयोग नसतो.

पायरी १: किती महिने निघतील ते मोजा

हातातली रोकड भागिले दरमहाची तूट, म्हणजे उरलेले महिने. रोकड ९० भाग आहे, महिन्याला ४० भाग येतात आणि ५५ जातात असं धरा. तूट १५, म्हणजे सहा महिने. या आकड्यावर पुढचं सगळं अवलंबून असल्याने तो फुगवू नका. हमखास होणाऱ्या चुका दोन. पहिली म्हणजे ग्राहकांकडून येणं असलेली रक्कम बिलाच्या तारखेने धरणं. मंदीत तीस दिवसांचं बिल साठ-सत्तर दिवसांनी मिळतं, म्हणून गेल्या तीन महिन्यांत पैसे प्रत्यक्षात कधी आले ती तारीख धरा. दुसरी म्हणजे बँकेने मंजूर केलेली कर्जमर्यादा रोकड समजणं. नेमक्या अशा काळात बँका ती मर्यादा कमी करतात.

पुढच्या तेरा आठवड्यांचा आठवडावार तक्ता करा आणि दर सोमवारी त्यात खरे आकडे भरा. त्यावर विक्री १० टक्के घसरली तर, २५ टक्के घसरली तर आणि ४० टक्के घसरली तर, अशी तीन चित्रं रंगवा. प्रत्येक चित्रासमोर कोणता आकडा दिसला की कोणती कृती सुरू होईल ते लिहा. उदाहरणार्थ, ‘सलग दोन महिने ऑर्डर गेल्या वर्षीच्या ७५ टक्क्यांखाली गेल्या की ओव्हरटाइम बंद, रिकाम्या जागांचा फेरविचार.’ हे डोकं शांत असताना लिहून ठेवलं की पुढे बैठकीत ज्याचा आवाज मोठा त्याचंच खरं होत नाही.

एका माणसाचा खर्च म्हणजे फक्त पगार नव्हे, हेही इथेच ध्यानात घ्या. भविष्यनिर्वाह निधी, विमा, बोनस, रजा, जागा आणि साधनं धरली की तो बहुधा मूळ पगाराच्या सव्वा ते दीडपटीच्या दरम्यान जातो. ऐकीव गुणक वापरण्यापेक्षा स्वतःच्या मागच्या बारा महिन्यांच्या हिशेबातून तो काढा.

पायरी २: कामांचा नकाशा, नावं झाकून

कागदावर आधी माणसांची नावं आली की चर्चा आवडीनिवडीवर घसरते. म्हणून तक्त्यात पदं आणि कामं लिहा, नावं नंतर. प्रत्येक कामाला चार प्रश्नांवर एक ते तीन गुण द्या:

- हे काम तीस दिवस थांबलं तर ग्राहकाला किंवा येणाऱ्या पैशाला किती फटका?
- आज हे काम आणखी किती जणांना येतं? (कुणालाच नाही = ३)
- माणूस गेला तर तसा दुसरा मिळून पूर्ण कामाला लागायला किती महिने?
- उभारी आली की हे काम वाढेल का?

दहा किंवा जास्त गुण मिळालेल्या कामांना हात लावायचा नाही, हे आत्ताच ठरवून टाका. हा तक्ता करताना दडलेली कामं वर येतात: जुन्या यंत्राची सेटिंग एकालाच ठाऊक असते, एकच जण पगाराची फाइल बँकेत चढवत असतो, एका चिडक्या पण मोठ्या ग्राहकाशी एकटीचंच जमतं. पदनामावरून यातलं काहीच कळत नाही, आणि कपात होऊन आठवडा उलटल्यावर जो गोंधळ उडतो तो बहुतेक अशाच कामांमुळे.

दुसऱ्या प्रश्नाला तीन गुण मिळालेलं प्रत्येक काम दोन ते तीन आठवड्यांत आणखी एकाला शिकवा. शिकणाऱ्याला खरंच आलं का, हे पाहायची सोपी परीक्षा आहे. मूळ माणसाला दोन दिवस रजा द्या आणि त्याला फोन करायचा नाही असं सांगा.

पायरी ३: खर्चाला कात्री, वरून खाली

माणसं कमी करण्याच्या आधी बरेच टप्पे असतात. घाईत ते वगळले जातात. क्रम साधारण असा ठेवा: आधी ओव्हरटाइम, प्रवास, सल्लागार आणि न वापरलेली सॉफ्टवेअर. मग साचलेल्या रजा संपवणं. मग रिकाम्या जागा न भरणं. मग कामाचे तास कमी करणं. मग पगारकपात किंवा बिनपगारी रजा. माणसं कमी करणं सगळ्यांत शेवटी.

भरतीबंदी. ही सर्वांत सोपी वाटते आणि म्हणून सर्वांत जास्त फसते. मंदीतही ज्यांना दुसरीकडे नोकरी मिळते ते सोडून जातात, म्हणजे जाणारे सरासरीपेक्षा चांगले असतात. सरसकट बंदी घातली की नेमकी त्यांचीच जागा रिकामी राहते. त्याऐवजी नियम असा करा: कोणतीही जागा आपोआप भरायची नाही आणि आपोआप गोठवायचीही नाही. दोन जबाबदार माणसांनी मिळून पायरी २ च्या तक्त्याकडे बघून आठ दिवसांत ‘भरा, दुसऱ्या पदाला जोडा किंवा बंद करा’ यांतलं एक लिहून द्यायचं.

कमी तास. जर्मनीत कमी तास काम आणि बुडालेल्या पगाराचा काही भाग सरकारकडून, अशी ‘कुर्त्सआर्बाइट’ नावाची जुनी योजना आहे. २००९ मध्ये तिचा लाभ घेणारे एका टप्प्यावर सुमारे पंधरा लाखांपर्यंत गेले. त्या वर्षी अर्थव्यवस्था सुमारे पाच टक्के आकसूनही बेरोजगारी फारशी वाढली नाही. सरकारी मदत नसतानाही हे जमू शकतं. १९७० मध्ये ह्यूलेट-पॅकार्ड या अमेरिकी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने सरसकट १० टक्के पगार कमी केला आणि तासही तितकेच कमी केले, म्हणजे एकाआड एक शुक्रवारी सुट्टी. सहा महिन्यांनी सगळे पूर्ववत झाले आणि तयार माणसं जागेवरच होती.

यातली अट एकच आहे, तास खरोखर कमी झाले पाहिजेत. चार दिवसांचा पगार देऊन पाचव्या दिवशी फोन सुरू ठेवले तर ती लपवलेली पगारकपात होते आणि ती सगळ्यांना कळते. सुट्टीचा दिवस सगळ्यांचा एकच ठेवू नका. दोन गट करा, म्हणजे ग्राहकाला रोज कुणीतरी भेटेल.

पगारकपात. ट्रुमन ब्यूली या अर्थशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीच्या मंदीत ईशान्य अमेरिकेतल्या तीनशेहून अधिक मालक, व्यवस्थापक, कामगारनेते अशा लोकांशी बोलून, मंदीतही पगार का उतरत नाहीत, हे शोधलं. मुख्य कारण निघालं ते मनोधैर्य. पगार कमी झालेला माणूस रोज कामावर येतो आणि नाराजीही सोबत आणतो. मात्र कपात केली नाही तर बऱ्याच नोकऱ्या जातील हे लोकांना दिसत असेल तर ते ती स्वीकारतात, असंही त्यात आढळलं. म्हणून ताळेबंदाचे ढोबळ आकडे दाखवल्याशिवाय पगाराला हात लावू नका.

टक्केवारी वरच्यांची जास्त ठेवा. एकूण पगार १०० भाग असेल, त्यातले २५ वरच्या चौघांचे, ३५ मधल्या दहा जणांचे आणि ४० उरलेल्या सव्वीस जणांचे असतील, तर २०, १० आणि ५ टक्के कपातीने अनुक्रमे ५, ३.५ आणि २ भाग वाचतात. एकूण साडेदहा. खालच्या सव्वीस जणांना पूर्ण वगळलं तरी साडेआठ वाचतात, आणि दोन भागांसाठी सव्वीस जणांचा रोष पत्करायचा की नाही याचं उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असंच येतं. पत्रात तीन गोष्टी स्पष्ट लिहा: कपात कधीपर्यंत किंवा कोणत्या आकड्यापर्यंत, कापलेली रक्कम नंतर परत मिळणार की नाही, आणि निधी-विम्याचा हिशेब जुन्या पगारावर की नव्या. प्रत्येकाची लेखी संमती घ्या.

कपात परवडते का, याचा हिशेब. एका माणसाला कमी केल्यावर नोटीस आणि भरपाई मिळून तीन पगार गेले असं धरा. तीच जागा पुन्हा भरायला जाहिरात, मुलाखतींचा वेळ आणि मध्यस्थाची फी मिळून दोन पगार. नवा माणूस पहिले तीन महिने निम्मंच काम करतो, म्हणजे आणखी दीड. बेरीज साडेसहा. ही जागा साडेसहा महिन्यांच्या आत पुन्हा लागणार असेल तर कपातीतून छदामही वाचत नाही. शिकायला वर्ष लागणाऱ्या कामात हा आकडा आणखी वर जातो. तुमचे आकडे घालून प्रत्येक पदासाठी हा हिशेब करा. त्यातून यादी बरीच आखूड होते.

पायरी ४: माणसं कमी करावीच लागली तर

एकदाच करा. आशेवर हवाला ठेवून आधी थोडे, मग आणखी थोडे असं केलं की पहिल्या यादीनंतर प्रत्येक जण दुसऱ्या यादीची वाट बघत बसतो आणि कामाऐवजी बायोडेटा लिहितो. यादी १० टक्के घसरणीच्या गुलाबी चित्रावर न बेतता २५ टक्क्यांच्या चित्रावर बेता.

निकष आधी लिहा, नावं नंतर लावा. पदाची गरज, उभारीत लागणारं कौशल्य आणि मागच्या दोन-तीन मूल्यमापनांची नोंद, हे तीन पुरेत. फक्त ‘जास्त पगार’ हा निकष लावला तर अनुभवी सगळे जातात. फक्त ‘शेवटी आला तो आधी जाणार’ लावलं तर तरुण जातात (काही देशांत मात्र कायदाच हा क्रम सांगतो). नोंद नसलेल्या कामगिरीवर बोट ठेवू नका. तीन वर्षं ‘उत्तम’ शेरा देऊन आता ‘कामात कमी पडलात’ असं म्हणणं वादात टिकत नाही. यादी झाली की ती वय, स्त्री-पुरुष, विभाग आणि प्रसूती किंवा आजारपणाच्या रजेवर असणारे, अशा चार चाळण्यांतून काढा. एखाद्या गटाचं प्रमाण एकूण संख्येच्या मानाने फार जास्त दिसलं तर निकषातच गफलत आहे. ही तपासणी यादी बनवणाऱ्याने न करता दुसऱ्याने करावी.

प्रत्यक्ष दिवस आठवड्याच्या मधला निवडा, सकाळची वेळ. शुक्रवारी संध्याकाळी सांगितलं तर माणसाला शनिवार-रविवारी ना बँक मिळते, ना सल्लागार, ना आपल्या ऑफिसातलं कुणी. सगळ्यांशी बोलणं एकाच अर्ध्या दिवसात उरका, नाहीतर कुजबुज पुढे धावते. खोलीत थेट वरिष्ठ आणि एचआरची एक व्यक्ती, बस. वेळ दहा ते पंधरा मिनिटं. बातमी पहिल्या मिनिटात आली पाहिजे:

‘एक वाईट बातमी सांगायची आहे. ऑर्डर घटल्यामुळे आपण काही पदं बंद करतोय आणि त्यात तुमचं पद आहे. निर्णय झालेला आहे. तुमचा शेवटचा दिवस, मिळणारी रक्कम आणि ती कोणत्या तारखेला खात्यात येईल, हे या पत्रात आहे. आपण ते एकत्र वाचू.’

मग गप्प राहा. समोरच्याला बोलू द्या. ‘माझ्यासाठीही हे फार अवघड आहे’ हे वाक्य टाळा, त्या खोलीत तुमचं दुःख दुय्यम आहे. ‘दोन-तीन महिन्यांत परत बोलावू’ हे तर लेखी देणार नसाल तर अजिबात म्हणू नका. माणूस त्या भरवशावर दुसरी नोकरी नाकारतो.

फाइलमध्ये काय हवं: नोटीसपत्र, हिशेबाचा तपशील (नोटीस, भरपाई, शिल्लक रजा, बोनस वेगवेगळ्या ओळीत), विमा कोणत्या तारखेपर्यंत चालू, निधी काढायची किंवा वर्ग करायची पद्धत, अनुभवपत्र, आणि रेफरन्ससाठी कुणाला फोन करायचा त्याचं नाव. अनुभवपत्रासाठी महिनाभर खेटे घालायला लावणं हा निष्काळजीपणा आहे आणि त्याची चर्चा बाहेर होतेच. ईमेल बंद करायचा असेल तर त्याआधी वैयक्तिक संपर्क आणि कागद घ्यायला अर्धा तास द्या. सुरक्षारक्षकाबरोबर दारापर्यंत चालवत नेण्याचं दृश्य उरलेले सगळे बघत असतात.

जाणाऱ्याचा वैयक्तिक फोन आणि ईमेल, आणि ‘पुढे संधी आली तर कळवू का’ या प्रश्नाचं उत्तर, त्यांच्या परवानगीने नोंदवा. ही यादी पायरी ७ मध्ये लागेल.

पायरी ५: उरलेल्यांकडे त्याच दिवशी बघा

शेवटची भेट संपल्यावर तासाभरात सगळ्यांना एकत्र बोलवा. किती जण गेले, का, आणि पुढे काय, एवढंच. ‘आता पुन्हा कपात होणार नाही’ असं वचन देऊ नका. खरं वाक्य असं असतं: ‘दुसरी यादी तयार नाही. ऑर्डर अमुक आकड्याखाली गेल्या तर पुन्हा तुमच्यासमोर येऊन बोलू, आणि तो आकडा दर महिन्याला भिंतीवर लागेल.’

मग कामाची वाटणी. चाळीस जण आठवड्याला चाळीस तास काम करत होते, म्हणजे १६०० तास. चौतीस उरले तर तेवढ्याच कामासाठी प्रत्येकाला सत्तेचाळीस तास लागतात. हे दोन-तीन महिने निभावतं, मग आजारपणं आणि राजीनामे सुरू होतात. म्हणून माणसांच्या यादीइतकीच ‘बंद केलेल्या कामांची यादी’ महत्त्वाची: कुणी न वाचणारे अहवाल, दुहेरी मंजुऱ्या, सवयीने भरणाऱ्या साप्ताहिक बैठका, कमी नफ्याचे आणि जास्त त्रासाचे ग्राहक. ही यादी वरिष्ठांनी सही करून द्यावी, नाहीतर खालचा माणूस भीतीपोटी सगळंच करत राहतो.

पुढच्या तीन आठवड्यांत प्रत्येकाशी त्याच्या वरिष्ठाने वीस मिनिटं एकट्याने बोलावं. विचारायचं एवढंच: सध्या कशात जास्त वेळ जातोय? कोणतं काम सोडलं तर चालेल? काय शिकायला आवडेल? कोणत्या गोष्टीमुळे इथून जावंसं वाटेल? चौथ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या भेटीत सहसा मिळत नाही. तरी विचारा, दोन महिन्यांनी पुन्हा विचारा.

ज्यांच्याशिवाय काम अडतं अशा मोजक्या माणसांसाठी थांबण्याचा बोनस ठेवता येतो. तो दोन हप्त्यांत द्या, सहा महिन्यांनी आणि बारा महिन्यांनी. राजीनामा हातात पडल्यावर पगार वाढवून थांबवणं हा त्याहून महाग आणि कमी टिकणारा मार्ग आहे, शिवाय बाकीच्यांना तो धडा मिळतो.

पायरी ६: मंदीतली भरती

या काळात एका जागेला तीनशे अर्ज येतात आणि नवख्याला वाटतं, आता निवड सोपी. प्रत्यक्षात गर्दीमुळे निवड बिघडते. चाळणी लहान करायची म्हणून अटी वाढवल्या जातात. २००७ नंतरच्या मंदीत अमेरिकेतल्या जाहिरातींत शिक्षण आणि अनुभवाच्या मागण्या वाढल्या, असं संशोधनात दिसलं आहे. कामाला न लागणारी पदवी मागितली की ते काम करू शकणारा माणूस बाहेर राहतो आणि ज्याला ते काम कंटाळवाणं वाटेल असा आत येतो. अत्यावश्यक अटी चारपेक्षा जास्त नकोत.

जाहिरात देण्याआधी त्या पदाच्या बारा महिन्यांच्या खर्चाला लेखी मंजुरी घ्या. ऑफर देऊन मागे घेणं हे मंदीतलं सर्वांत वाईट पाप, कारण समोरच्याने तोवर हातातली नोकरी सोडलेली असते.

तीनशे अर्ज तीन मिनिटांप्रमाणे वाचायचे तर पंधरा तास लागतात. म्हणून मुदत सात दिवस किंवा दीडशे अर्ज, जे आधी होईल ते, आणि हे जाहिरातीतच सांगा. पुढची गाळणी साधारण अशी:

१. अर्जातच ‘हो-नाही’ची तीन नेमकी विचारणा. दीडशेचे चाळीस उरतात.
२. खऱ्या कामातला पाऊण तासाचा तुकडा करून घेणं. नावं झाकून तपासा. बारा उरतात. तासाभरापेक्षा मोठं काम दिलं तर त्याचे पैसे द्या.
३. वीस मिनिटांचा फोन: पगाराचा पट्टा (कमीत कमी ते जास्तीत जास्त किती), रुजू होण्याची तारीख, कामाची वेळ. पाच उरतात.
४. ठरावीक साच्याची मुलाखत. एक निवड, एक राखीव.

मुलाखतीत सगळ्यांना तेच सहा प्रश्न, त्याच क्रमाने. प्रत्येक उत्तराला एक ते पाच गुण, आणि एक म्हणजे काय, पाच म्हणजे काय, हे आधी लिहिलेलं. ‘ग्राहकाने पैसे अडवले तेव्हा काय केलंत?’ याला ‘वरिष्ठांना कळवलं’ असं उत्तर आलं तर दोन. ‘अडवण्याचं कारण शोधलं, बिलातली चूक दुरुस्त केली, हप्ते ठरवले, एवढ्या दिवसांत एवढी रक्कम आली’ याला पाच. मुलाखत घेणाऱ्यांनी आपसांत बोलण्याआधी गुण लिहावेत. आधी गप्पा झाल्या तर सगळे ज्येष्ठाच्या मतावर येऊन थांबतात.

नोकरीतला खंड हा दोष समजू नका. अमेरिकेतल्या शंभर मोठ्या शहरी भागांत सुमारे बारा हजार बनावट अर्ज पाठवून केलेल्या एका प्रयोगात दिसलं की बेकारीचा काळ वाढेल तशी मुलाखतीची बोलावणी घटतात, आणि मोठी घसरण पहिल्या आठ महिन्यांतच होते. काम करून दाखवायची संधी मिळण्याआधीच ही माणसं वगळली गेली. इतर कंपन्या ज्यांना न बघताच बाजूला करतात, त्यांच्यातून चांगला माणूस निवडण्याची सोय यात तुम्हाला आहे. खंडाबद्दल एकच प्रश्न पुरे: ‘या काळात काय शिकलात किंवा काय केलंत?’ घरातल्या कुणाचं आजारपण सांभाळलं, हेही पूर्ण उत्तर आहे.

जास्त अनुभवाचा माणूस कमी पदासाठी आला तर ‘हा पळून जाईल’ म्हणून लगेच नाकारू नका. त्याला कामाचा रोजचा तपशील स्पष्ट सांगा. वर्षभरात त्याला कोणती मोठी जबाबदारी देता येईल ते ठरवा. काहीच देता येणार नसेल तर मात्र घेऊ नका, कारण उभारीत तो पहिला जाईल.

पगार ठरवताना समोरच्याच्या अडचणीचा फायदा घ्यायचा मोह होतो. बाजारभावापेक्षा १५ टक्के कमी देऊन घेतलेला माणूस बाजार सुधारताच जातो आणि मग वर काढलेल्या साडेसहा पगारांतले भरतीचे आणि शिकवण्याचे साडेतीन पुन्हा मोजावे लागतात. वर्षभरात वाचवलेले १५ टक्के म्हणजे दोनही पगार होत नाहीत. आधीच ठरवलेल्या पट्ट्यातच ऑफर द्या, जुना पगार विचारण्याची गरजच नाही.

नवशिक्यांची दारं पूर्ण बंद करू नका. दोन-तीन वर्षं एकही नवखा घेतला नाही तर पाच वर्षांनी मधल्या फळीत खड्डा पडतो आणि तो बाहेरून महागात भरावा लागतो. जमेल तेवढेच घ्या, ठरावीक मुदतीवर घेतलं तरी चालेल, पण विद्यावेतन देऊन.

नाकारलेल्या प्रत्येकाला दहा दिवसांत दोन ओळींचं उत्तर जाऊ द्या. शेवटच्या पाचांतले चांगले उमेदवार वेगळ्या यादीत ठेवा: पद, गुण, संपर्काची परवानगी, शेवटी कधी बोललो. दर चार महिन्यांनी एक फोन. भरायचीच नसलेली जागा ‘अर्ज जमवायला’ म्हणून जाहिरातीत ठेवू नका, दुसऱ्यांदा तुमची जाहिरात कुणी खरी मानत नाही.

पायरी ७: उभारीची चाहूल आणि उलट क्रम

वर्तमानपत्रात ‘मंदी संपली’ असं छापून येण्याची वाट बघू नका. खुणा घरातच दिसतात: आठ आठवडे सलग ओव्हरटाइम दहा टक्क्यांच्या वर, ऑर्डरींचा साठा वाढता, रजा नाकाराव्या लागणं, प्रतिस्पर्ध्यांच्या जाहिरातींत तुमच्याकडचीच पदं. यांतल्या दोन-तीन एकत्र दिसल्या की तयारीला लागा. राजीनामे वाढायला लागले तर उशीर झालेला आहे. मंदीत दबून राहिलेली माणसं संधी येताच निघतात. नोव्हेंबर २०२१ या एका महिन्यात अमेरिकेत सुमारे ४५ लाख लोकांनी स्वतःहून नोकरी सोडली.

आता आलेला पहिला पैसा भरतीवर घालवू नका. आधी कापलेले पगार पूर्ववत करा, मग तास, मग थांबलेल्या वाढी. आपला पगार कापलेलाच असताना शेजारी नवा माणूस पूर्ण पगारावर बसलेला पाहणं जुन्यांना सहन होत नाही, आणि नवा ज्याच्याकडून शिकणार तोच निघून जातो.

त्यानंतर माणसं. आधी पायरी ४ मधली जुन्यांची यादी (कायद्याने प्राधान्य असेल तर ते पाळून), मग पायरी ६ मधली राखीव यादी, मग कर्मचाऱ्यांच्या ओळखीतून, आणि शेवटी उघडी जाहिरात. परत आलेला जुना माणूस काही आठवड्यांतच पूर्ण वेगाने काम करू लागतो. त्याची आधीची सेवा रजा आणि वरिष्ठतेसाठी धरणार की नाही हे ऑफर लेटरमध्ये लिहा, नाहीतर पहिल्याच पगाराला भांडण ठरलेलं.

प्रत्येक ऑफरआधी त्याच कामातल्या जुन्यांचे पगार समोर ठेवा. बाजारभाव वाढल्यामुळे नव्याला जुन्यापेक्षा जास्त द्यावं लागणार असेल तर आधी जुन्याचा पगार सारखा करा. ही रक्कम भरतीच्या अंदाजपत्रकातच धरा. पगार गुप्त राहतील या भरवशावर राहू नका.

मंदीत सहा आठवडे चालणारी निवड आता दोन-तीन आठवड्यांत व्हायला हवी. चाळणीचे टप्पे तेच ठेवा, फक्त मधलं रिकामं अंतर काढा: मुलाखतींच्या तारखा आधीच राखून ठेवा, गुण त्याच दिवशी गोळा करा, ऑफर अठ्ठेचाळीस तासांत. मुलाखत गाळून वेग वाढवू नका.

पायरी ८: किती वेगाने वाढायचं

भरतीला मर्यादा पैशाइतकीच शिकवणाऱ्यांचीही असते. एका अनुभवी माणसाकडे एका वेळी दोनपेक्षा जास्त नवखे देऊ नका, आणि शिकवण्यात त्याचा दिवसाचा चौथा हिस्सा जाईल हे धरून त्याचं काम कमी करा. एखाद्या विभागात एका तिमाहीत पाचवा हिस्सा नवा आला की थोडं थांबून बघा. त्याहून जास्त झालं की नवखे नवख्यांना शिकवायला लागतात आणि चुका घट्ट बसतात.

दुसरं टोकही घातक. उभारीच्या पहिल्या दोन तिमाहींत मागणी उसळी मारते, कारण ग्राहक रिकामी झालेली गोदामं भरत असतात किंवा तुंबलेली खरेदी एकदम करत असतात. ती रेघ तशीच वर जाईल असं धरून भरती केली की पुन्हा पायरी ४ वर यावं लागतं. महामारीच्या काळातली वाढ टिकेल असं समजून माणसं वाढवलेल्या मेटाने (फेसबुकची मालक कंपनी) नोव्हेंबर २०२२ मध्ये ११,००० हून अधिक जणांना कमी केलं आणि वाढीचा अंदाज चुकल्याचं प्रमुखांनी जाहीरपणे मान्य केलं. अपेक्षित मागणीच्या साधारण ८० ते ८५ टक्के कामासाठी कायम पदं धरा. वरचा भाग काही काळ मुदतीची नेमणूक, अर्धवेळ आणि मर्यादित ओव्हरटाइम यांवर चालवा. सलग तीन तिमाही मागणी टिकली की त्यातली माणसं कायम करा, आणि कायम करण्याचे निकष त्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

नव्या माणसाचा आढावा तीस, साठ आणि नव्वद दिवसांनी घ्या. तिसाव्या दिवशी ‘साधनं, माहिती, ओळखी मिळाल्या का’ एवढंच बघा. साठाव्याला ठरवलेलं काम स्वतःहून करतो का. नव्वदाव्याला मुलाखतीतले गुण आणि आताचं काम शेजारी ठेवा. दहा-बारा जणांचे असे कागद जमले की तुमच्या सहा प्रश्नांपैकी कोणते खरंच माणूस ओळखतात आणि कोणते नुसते वेळ खातात, ते दिसायला लागतं. निरुपयोगी प्रश्न काढा, पायरी २ चा तक्ता नव्या कामांसह पुन्हा भरा, आणि तेरा आठवड्यांच्या रोकड तक्त्यात पुढच्या सोमवारचे आकडे घाला.